प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर: सॉफ्टवेअर फुकट आहे, डिस्क नाही

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या किंवा नवी मुंबईच्या महापे एमआयडीसीतल्या मध्यम ऑफिसचं चित्र साधारण सारखंच असतं. एक टॉवर सर्व्हर आणि त्यावर पाच-सहा व्हीएम, म्हणजे आभासी मशीन: डोमेन कंट्रोलर, टॅलीचं विंडोज मशीन, एसक्यूएल सर्व्हरवरचं ईआरपी, फाइल सर्व्हर, हजेरीच्या पंचिंगचं सॉफ्टवेअर आणि कुणीतरी कधीतरी लावलेलं एक लिनक्स, ज्याला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. दिवसा यातलं काही बंद करता येत नाही. रात्री दुसऱ्या पाळीचा माल निघत असतो, त्याची डिलिव्हरी चलानं त्याच सर्व्हरवरून छापली जातात. म्हणजे बॅकअप घ्यायचा तो चालत्या मशीनचाच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं. तेव्हापासून अशा ऑफिसांत त्याला पर्याय म्हणून प्रॉक्समॉक्स व्हीईचं नाव वारंवार ऐकू येतं. ते बनवणाऱ्या व्हिएन्नाच्या प्रॉक्समॉक्स कंपनीचाच बॅकअप सर्व्हर, म्हणजे पीबीएस, नोव्हेंबर २०२० पासून उपलब्ध आहे. एजीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स आहे, व्हीएमच्या संख्येवर मर्यादा नाही, टेराबाइटचं भाडं नाही. पैसे द्यायचे ते सपोर्टसाठी. न दिल्यास लॉगिन करताना सबस्क्रिप्शन नसल्याची खिडकी उघडते, ती बंद करायची आणि कामाला लागायचं.

निकाल आधीच सांगतो. सॉफ्टवेअर डोळे झाकून घ्या, त्यात खोट नाही. पण ते फुकट आहे म्हणून कपाटातला जुना पीसी आणि डीव्हीआरमधून काढलेली डिस्क त्याच्या गळ्यात मारणार असाल, तर राहू द्या. पीबीएसबद्दलच्या बहुतेक तक्रारी खरं तर त्याखालच्या डिस्कच्या असतात.

चालत्या मशीनचा बॅकअप नेमका कसा होतो

जॉबमध्ये तीन मोड मिळतात: स्नॅपशॉट, सस्पेंड, स्टॉप. सस्पेंड विसरा. स्नॅपशॉट या नावाने मात्र बऱ्याच जणांची दिशाभूल होते. व्हीएमच्या बाबतीत हा झेडएफएस किंवा एलव्हीएम या डिस्क सांभाळणाऱ्या प्रणालींचा स्नॅपशॉट नव्हेच. व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम, क्यूईएमयू, स्वतः डिस्कचे ब्लॉक क्रमाने वाचत जातं. गेस्टने, म्हणजे आत चालणाऱ्या व्हीएमने, मध्येच अजून न वाचलेल्या ब्लॉकवर काही लिहायला घेतलं, तर क्यूईएमयू त्याला थांबवतं, जुना मजकूर आधी बॅकअपकडे पाठवतं आणि मगच नवीन लिहू देतं. त्यामुळे जॉब तीन तास चालला तरी हाती येणारी प्रत सुरुवातीच्या क्षणाचीच असते. साध्या एलव्हीएमवरही हे चालतं, कारण स्टोरेजला स्नॅपशॉट येतो की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

गोम 'थांबवतं' या शब्दात आहे. पलीकडचा पीबीएस सावकाश असेल तर गेस्टचं लिहिणंही तितकंच सावकाश होतं. 'रात्री बॅकअप लागला की ईआरपी रडतं' या तक्रारीचं मूळ नव्वद टक्के वेळा इथेच सापडतं. होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारा सर्व्हर, मोकळा असतो, सीपीयू निवांत असतो आणि ईआरपीचं सेव्ह बटण मात्र गोल गोल फिरत राहतं. बॅकअप चालू असताना पीबीएसची लाइट गेली किंवा मधला स्विच बंद पडला, तर व्हीएमच अडकून बसू शकतं. सर्व्हर यूपीएसवर, पीबीएस यूपीएसवर आणि दोघांच्या मधला आठ पोर्टचा स्विच भिंतीवरच्या साध्या प्लगवर, हे दृश्य इतकं सर्रास दिसतं की बसवणाऱ्याने आधी तो प्लग बघावा आणि मग सॉफ्टवेअर.

एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या प्रॉक्समॉक्स व्हीई ८.२ ने यावर फ्लीसिंग नावाचा उपाय दिला. जुना ब्लॉक थेट पीबीएसकडे जाण्याऐवजी आधी होस्टवरच्या वेगवान डिस्कवर तात्पुरता उतरतो आणि गेस्ट लगेच मोकळा होतो. बॅकअप जॉबच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये टिक करून स्टोरेज निवडायचं, इतकंच काम. ते स्टोरेज होस्टच्याच एनव्हीएमई एसएसडीवर असावं, थिन प्रोव्हिजनिंगचं (लागेल तशीच जागा घेणारं) असावं आणि त्याला डिस्कार्ड चालत असावं, म्हणजे उचललेल्या ब्लॉकची जागा लगेच सुटते. तत्त्वतः ही तात्पुरती इमेज मूळ डिस्कएवढी वाढू शकते, म्हणून थिन पूल काठोकाठ भरलेला असेल तर आधी जागा करा. आमच्या मते हा टिक मुळातच चालू असायला हवा होता.

वेग आवरण्यासाठी बँडविड्थ लिमिट लावण्याची सवय असेल तर जपून. मर्यादा लावली की जॉब लांबतो, आणि जॉब चालेल तितका वेळ गेस्टच्या लिहिण्यावर ही चौकी बसलेली असते. होस्टवर फिरत्या डिस्क असतील तर त्याऐवजी आयओ वर्कर, म्हणजे एकाच वेळी चालणारी वाचनाची कामं, कमी करून बघा. डीफॉल्ट १६ आहेत, ४ वर आणले तरी फरक जाणवतो.

लॉग वाचायची सवय लावा

हिरवी खूण पाहून विंडो बंद करू नका. जॉबच्या लॉगमध्ये दोन ठिकाणी नजर हवी.

पहिली जागा फ्रीझ आणि थॉच्या ओळी. व्हीएममध्ये गेस्ट एजंट (आत बसून होस्टशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) चालू असेल तर बॅकअपच्या आरंभी फाइल सिस्टिम गोठवल्याची आणि लगेच सोडल्याची नोंद येते. गोठण्याचा काळ काही क्षणांचाच असतो, पूर्ण बॅकअपभर नव्हे. ही ओळच नसेल तर तुमची प्रत 'अचानक लाइट गेल्यावर डिस्क जशी उरेल तशी' आहे. ती बहुधा उठेल, पण खात्री नाही.

एजंटसाठी दोन्हीकडे काम असतं, आणि निम्मे लोक एकच करतात. व्हीएमच्या ऑप्शन्समध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट चालू करा. लिनक्समध्ये त्याचं पॅकेज टाका. विंडोजमध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हरच्या आयएसओमधला सिरीयल ड्रायव्हर आणि एजंटचा इन्स्टॉलर दोन्ही लागतात. त्यानंतर व्हीएम होस्टवरून पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. आतून रीस्टार्ट करून भागत नाही, कारण एजंटशी बोलायचं नवं आभासी उपकरण जोडलं जायचं असतं आणि ते नव्याने चालू करतानाच जोडलं जातं. शेवटी होस्टच्या शेलमध्ये क्यूएम एजंट, मशीनचा नंबर, पिंग असा कमांड द्या. उत्तरात काहीच छापून आलं नाही तर सगळं ठीक, एरर आला तर अजून जोडलेलं नाही.

विंडोजमध्ये ही फ्रीझ त्याच्या व्हीएसएस या स्नॅपशॉट सेवेमार्गे होते आणि इथे एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी खड्डा आहे. प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत नोंद आहे की काही एसक्यूएल सर्व्हरवर या फ्रीझमुळे डिफरन्शियल बॅकअपची, म्हणजे शेवटच्या फुलनंतर बदललेलं तेवढंच घेणाऱ्या बॅकअपची, साखळी तुटते. ईआरपीचा व्हेंडर रविवारी फुल आणि रोज डिफरन्शियल घेत असेल, तर त्याचा डिफरन्शियल रिस्टोर करायच्या दिवशी जुळणार नाही, आणि दोष कुणाचा हे ठरवण्यात दिवस जाईल. एजंटच्या सेटिंगमध्ये बॅकअपच्या वेळची फ्रीझ-थॉ तेवढी बंद करता येते. अशा मशीनवर ती बंद ठेवा, एसक्यूएलचा स्वतःचा बॅकअप रात्री साडेनऊला त्याच व्हीएमच्या दुसऱ्या आभासी डिस्कवर उतरवा आणि पीबीएसचा जॉब अकराला लावा. लिनक्सवर मारियाडीबी असेल तर फ्रीझच्या आधी टेबलं फ्लश करणारी छोटी हुक स्क्रिप्ट एजंटला जोडता येते.

टॅलीसारख्या फाइल उघड्या ठेवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी सोपा तोडगा म्हणजे रविवारी एक जॉब स्टॉप मोडमध्ये. मशीन रीतसर बंद होतं, बॅकअपचा आरंभ झाला की लगेच पुन्हा उठतं आणि उरलेली नक्कल पाठीमागे चालत राहते. जॉबला दोन तास लागले तरी मशीन बंद राहतं ते शटडाउन आणि बूट होण्यापुरतं.

लॉगमधली दुसरी जागा डर्टी बिटमॅपची. पहिल्या बॅकअपनंतर कोणते ब्लॉक बदलले याची वही क्यूईएमयू मेमरीत ठेवतं, आणि दुसऱ्या रात्रीपासून तेवढेच वाचतं. ५०० जीबीच्या डिस्कचा बॅकअप म्हणूनच काही मिनिटांत उरकतो. ही वही मशीन चालू असेपर्यंतच टिकते. विंडोज अपडेटने आतून रीस्टार्ट केलं तरी चालतं, दुसऱ्या नोडवर लाइव्ह मायग्रेशन केलं तरी वही सोबत जाते. पण व्हीएम होस्टवरून बंद झालं किंवा होस्टच बंद झाला की वही कोरी.

आपल्याकडे याचा अर्थ असा. महावितरणचं देखभालीचं शटडाउन शुक्रवारी ठरलं, यूपीएस किती वेळ पुरणार म्हणून दुपारी होस्ट बंद केला, तर त्या रात्री सगळ्या डिस्क पहिल्यापासून वाचल्या जाणार. नेटवर्कवरून जाणार ते बदललेले तुकडेच, पण वाचन पूर्ण. होस्टवर १५० एमबी सेकंदाची फिरती डिस्क आणि १.५ टीबी डेटा धरला तर पावणेतीन तास नुसतं वाचण्यात जातात. शनिवारी सकाळी 'बॅकअप अजून का चालू आहे' म्हणून फोन आला तर आधी हे आठवावं. जॉब अर्ध्यात मारून टाकू नका. मारला आणि मशीनवर बॅकअपचं कुलूप तसंच राहिलं, तर आधी टास्क खरंच थांबलाय याची खात्री करून क्यूएम अनलॉक आणि मशीनचा नंबर असा कमांड द्यावा लागतो.

आता त्या डिस्कचं

पीबीएस व्हीएमची डिस्क चार-चार एमआयबीच्या ठरावीक तुकड्यांत कापतं. प्रत्येक तुकड्याचा शा-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, काढतं, झेडस्टँडर्डने दाबतं आणि हॅशच्या नावाने फाइल म्हणून ठेवतं. तोच तुकडा आधी आलेला असेल तर पुन्हा ठेवत नाही. चार विंडोज मशीनमधले जुळणारे तुकडे एकदाच बसतात. जागा वाचते ती यामुळे आणि गती मरते तीही यामुळेच.

हिशेब करा. २ टीआयबीचे तुकडे होतात ५,२४,२८८. ते ६५,५३६ फोल्डरमध्ये विखुरलेले असतात. ७,२०० आरपीएमच्या डिस्कला एका जागेवरून दुसरीकडे जायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे एकच हेलपाटा धरला तरी दीड तास नुसता डोकं इकडून तिकडे हलवण्यात, आणि खरं तर फोल्डर, फाइलची नोंद, मग मजकूर असे हेलपाटे दोन-तीन होतात. बॅकअप घेताना हे जाणवत नाही, कारण रोज थोडेच तुकडे येतात. जाणवतं गार्बेज कलेक्शनला (नको असलेले तुकडे पुसताना), व्हेरिफायला (प्रती तपासताना) आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिस्टोरला, जेव्हा मालक खुर्ची ओढून शेजारी बसलेला असतो.

म्हणून १.५ टीबी जिवंत डेटाच्या ऑफिसला आमची शिफारस अशी: पॉवर-लॉस प्रोटेक्शन असलेल्या ४ टीबीच्या दोन साटा एसएसडी, झेडएफएस मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा). बजेट नसेल तर दोन मोठ्या फिरत्या डिस्कचा मिरर आणि मेटाडेटासाठी, म्हणजे फाइलच्या नोंदींसाठी, दोन छोट्या एसएसडीचं स्पेशल डिव्हाइस, तेही मिररमध्येच, कारण ते गेलं की अख्खा पूल गेला. हे पहिल्याच दिवशी लावा. नंतर जोडलं तर आधीचा मेटाडेटा तिकडे आपोआप सरकत नाही. एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या ट्रॅकच्या) प्रकारच्या स्वस्त डिस्क झेडएफएसखाली नकोतच. रॅम किमान ४ जीआयबी आणि शिवाय प्रत्येक टीआयबीमागे १ जीआयबी असं प्रॉक्समॉक्स सांगते. ४ टीबीला १६ जीबी द्या आणि विषय संपवा. प्रोसेसर चार कोरचा पुरे.

'आपल्याकडे एनएएस आहेच की, त्याचा शेअर माउंट करू', म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कच्या डब्यावरच प्रती ठेवू, हा मोह प्रत्येक ऑफिसात होतो. होत नाही असं नाही, पण वर सांगितलेला प्रत्येक हेलपाटा मग नेटवर्कवरून मारावा लागतो. शिवाय गार्बेज कलेक्शन फाइलच्या 'शेवटच्या वापराच्या वेळेवर' चालतं. शेअरने ती वेळ नीट नोंदवली नाही तर वापरातले तुकडेही कचऱ्यात जाऊ शकतात. नव्या आवृत्त्या याची आधी तपासणी करतात, तरीही एनएएस दुसऱ्या कामाला ठेवा.

पीबीएस त्याच होस्टवर व्हीएम म्हणून चढवणारेही आहेत. होस्ट गेला की दोन्ही गेले. याहून जास्त लिहायची गरज नाही.

जागा भरणं हे वेगळं दुखणं. प्रून जॉब जुन्या प्रतींची नोंद काढतो, जागा सोडत नाही. जागा सुटते गार्बेज कलेक्शनला, आणि तेही गेल्या २४ तास ५ मिनिटांत स्पर्श झालेल्या तुकड्यांना हात लावत नाही. डेटास्टोअर, म्हणजे पीबीएसची प्रती ठेवायची जागा, ९९ टक्क्यांवर गेल्यावर घाईघाईने प्रून करून लगेच जागा मागणाऱ्याला ती दुसऱ्या दिवशीच मिळते. झेडएफएस शंभर टक्के भरलं तर पुसायलाही जागा लागते. म्हणून सुरुवातीलाच ५० जीबी राखीव ठेवलेला एक रिकामा डेटासेट करून ठेवा, अडचणीत तो सोडता येतो. किती जुन्या प्रती ठेवायच्या, म्हणजे ठेवणी, यासाठी शेवटचे ३, रोजचे १४, आठवड्याचे ८, महिन्याचे १२ ही सुरुवात बरी. कायद्याने कंपनीला हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असतात, पण ती जबाबदारी व्हीएमच्या बॅकअपवर टाकू नका. आठ वर्षांनी ती टॅली उघडणारं विंडोज उठवत बसणार कोण?

बसवताना अडतं कुठे

इन्स्टॉल अर्ध्या तासाचं. आयएसओवरून चढवा, ब्राउझरमध्ये ८००७ पोर्टवर जा, डेटास्टोअर करा. अडतं ते परवानग्यांत. बॅकअपसाठी वेगळा युजर आणि त्याचं एपीआय टोकन (प्रोग्रॅमने लॉगिन करायचा वेगळा पासवर्ड) करा आणि डेटास्टोअर-बॅकअप हा रोल द्या. तो युजरला आणि टोकनला दोघांनाही द्यावा लागतो, कारण टोकनला मालकापेक्षा जास्त हक्क मिळत नाही. एकालाच दिला तर डेटास्टोअर दिसतच नाही आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो. सुरुवातीला रूटने बॅकअप घेऊन नंतर टोकनवर गेलात तर मालकी जुळत नसल्याचा एरर येतो. जुन्या बॅकअप गटांची मालकी पीबीएसच्या स्क्रीनवरून बदलून द्यायची.

हा रोल मुद्दाम तोकडा आहे. त्याने प्रत ठेवता येते, स्वतःची परत घेता येते, पुसता येत नाही. होस्टवर रॅन्समवेअर शिरलं तरी तिथल्या टोकनने जुन्या प्रती उडवता येत नाहीत. त्यामुळे होस्टच्या जॉबमध्ये ठेवणीचे आकडे भरू नका, नाहीतर बॅकअप नीट होऊनही शेवटी प्रूनला हक्क नाही म्हणून जॉब लाल दिसतो. प्रून, गार्बेज कलेक्शन, व्हेरिफाय ही तिन्ही कामं पीबीएसवर लावा. जॉब एकीकडे, साफसफाई दुसरीकडे, ही विभागणी थोडी त्रासाची आहे. व्हेरिफाय तर अनेक ठिकाणी कुणी लावलेलंच नसतं. एकदा तपासलेली प्रत ३० दिवसांनी पुन्हा तपासा. खराब तुकडा सापडला आणि तो मजकूर व्हीएममध्ये अजून असेल, तर पुढचा बॅकअप तो पुन्हा पाठवतो.

मेलसाठी एसएमटीपी (मेल पाठवायचं) खातं भरा. ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून थेट सुटलेले मेल बहुतेक ठिकाणी स्पॅममध्ये पडतात किंवा परत येतात. आणि होस्टच बंद असेल तर अपयशाचा मेलही येणार नाही, हे ध्यानात ठेवा.

बॅकअपमध्ये काय येत नाही तेही पाहून घ्या: हार्डवेअर टॅबमध्ये बॅकअपची टिक काढलेली डिस्क, पासथ्रू केलेल्या कंट्रोलरवरच्या डिस्क, गेस्टने आतून जोडलेली आयस्कझी (नेटवर्कवरची) डिस्क, आणि व्हीएमवर आधी घेऊन ठेवलेले स्नॅपशॉट. प्रत येते ती चालू स्थितीची. होस्टची स्वतःची सेटिंगही यात नाही. ईटीसी-पीव्हीई फोल्डर पीबीएसच्या क्लायंटने वेगळं पाठवावं लागतं.

दुसरी प्रत खाडीपलीकडे

कंपनी (लेखा) नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. हिशेबाची पुस्तकं संगणकावर ठेवणाऱ्या कंपनीने त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवायचा. आधी 'ठरावीक काळाने' असं होतं. परदेशातल्या स्वस्त स्टोरेजवर आणखी एक प्रत ठेवायला हरकत नाही, पण इथली रोजची प्रत त्याने सुटत नाही. आवृत्ती ४.० पासून एस३ प्रकारच्या क्लाउड स्टोरेजची सोय चाचणीवजा आली आहे, तिच्यावर एकमेव दुसरी प्रत सोपवू नका.

ठाण्यातल्या ऑफिसला ऐरोली-रबाळे-महापे पट्टा सोयीचा. डेटा सेंटर रांगेने आहेत, किंवा कंपनीचा तिकडचा गाळा असेल तर दुसरा पीबीएस तिथेच. आग, चोरी, पावसाळ्यात पत्र्यातून गळणारं पाणी, एवढ्यासाठी हे अंतर पुरतं. वीज मात्र एकत्र जाऊ शकते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबई तिन्ही अंधारात होती.

मुख्य बॅकअप कधीही थेट त्या दूरच्या पीबीएसवर लावू नका, गेस्टला थांबवणारी ती चौकी मग ब्रॉडबँडच्या वेगाने चालते. आधी ऑफिसातल्या पीबीएसवर, तिथून सिंक, म्हणजे दूरच्या पीबीएसवर नक्कल. १०० एमबीपीएस अपलोडला सेकंदाला सुमारे ११ एमबी धरा: रोजचे ५० जीबी बदल सव्वा तासात जातात, पण पहिला १ टीबी जायला पंचवीस तास. पहिली खेप आवृत्ती ३.३ पासून आलेल्या, काढून नेता येणाऱ्या डिस्कवरच्या डेटास्टोअरवर भरून न्या. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याहून घणसोलीला बॅगेतून नेलेली डिस्क त्या ब्रॉडबँडला केव्हाच हरवते.

सिंक दूरच्या बाजूने ओढून घेणारी असावी. म्हणजे दूरच्या पीबीएसची किल्ली ऑफिसात कुठेच नसते. ढकलणारी सिंकही ३.३ पासून आहे. स्टॅटिक आयपी मिळत नसेल तर ती सोपी, पण मग किल्ली ऑफिसात राहते. वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाकून ओढूनच घ्या.

परत आणताना

सिंगल फाइल रिस्टोर ही या प्रॉडक्टची सगळ्यात लाडकी सोय. होस्टच्या स्क्रीनवर प्रत निवडा, फाइल रिस्टोर दाबा, ड्राइव्ह उघडते, कालची एक्सेल डाउनलोड करा. एनटीएफएस, एक्स्ट४, एलव्हीएम चालतं. बिटलॉकर लावलेल्या ड्राइव्हच्या आत मात्र जाता येत नाही.

लाइव्ह रिस्टोरमध्ये मशीन लगेच उठतं आणि डेटा मागून येत राहतो. दिसायला जादू, पण मध्येच तुटलं तर तेवढ्या वेळात लिहिलेलं सगळं जातं. फाइल सर्व्हर वाचायला उघडायचा असेल तर ठीक, चालू एंट्रीच्या टॅलीला नको.

चाचणी रिस्टोर महिन्यातून एकदा, नव्या नंबरवर, युनिकची टिक लावून, आणि चालू करण्याआधी नेटवर्क कार्डची जोडणी तोडून. नाहीतर एकाच आयपीची दोन मशीन उभी राहतात आणि हजेरीची पंचिंग कुठल्यात गेली ते शोधत बसावं लागतं. आपोआप चाचणी रिस्टोर करून पाहायची सोय यात नाही, ही खरी उणीव.

उणिवा आणखी दोन. विंडोजसाठी अधिकृत क्लायंट नाही, त्यामुळे मालकाचा लॅपटॉप यात येत नाही. आणि होस्ट व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय किंवा मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही असेल तर हे तुमच्यासाठी नाहीच. मिश्र कारभार असेल तर व्हीम हे बॅकअप सॉफ्टवेअर बघा. ऑगस्ट २०२४ मधल्या १२.२ पासून ते प्रॉक्समॉक्सही घेतं, फक्त होस्टवर त्याचं वर्कर मशीन चालू द्यावं लागतं. निव्वळ प्रॉक्समॉक्सच्या एका-दोन होस्टसाठी तेवढा पसारा नको. प्रॉक्समॉक्सचा स्वतःचा साधा बॅकअप एनएएसवर घेणंही शक्य आहे, पण तो दर रात्री पूर्ण प्रत काढतो. सात रात्रींच्या सात पूर्ण प्रती, वर प्रत्येक रात्री गिगाबिटवरून १.५ टीबीचे पावणेचार तास.

एन्क्रिप्शन लावायचंच, विशेषतः दुसरी प्रत परक्या जागी असेल तर. स्टोरेज जोडतानाच किल्ली तयार होते आणि होस्टवर राहते. सगळ्या होस्टना एकच किल्ली द्या, वेगवेगळ्या किल्ल्यांचे तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि जागेची बचत जाते. किल्ली हरवली तर प्रॉक्समॉक्स कंपनीलाही त्या प्रती उघडता येत नाहीत. तयार होतानाच कागदी किल्ली छापायचा पर्याय येतो: क्यूआर कोड आणि खाली मजकूर, ए४ कागदावर. दोन प्रती काढा. एक सीएच्या ऑफिसात, एक मालकाच्या घरी. सर्व्हरच्या कपाटात एकही नको.